एडीसी चिप तीनदा बदलूनही गुणगुण आणि टकटक जात नाही तेव्हा

वडिलांनी टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवलेल्या कीर्तनांच्या कॅसेट संगणकात घेण्यासाठी मी रॅस्पबेरी पाय या छोट्या संगणकाला एक एडीसी बोर्ड (अॅनालॉग ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी चिप असलेला) जोडला, आणि पहिल्याच मुद्रणात निरूपणाच्या मागे संथ गुणगुण व तिच्यावर अधूनमधून टकटक असा आवाज आला. माझा पहिला निष्कर्ष असा होता, की पीसीएम१८०८ ही चिप स्वस्त आहे, तेव्हा दोष तिचाच असणार. म्हणून ११४ डीबीची (सिग्नल आणि चिपचा स्वतःचा गोंगाट यांतले अंतर, जितके जास्त तितके चांगले) सीएस५३६१ आणली, तिनेही समाधान होईना म्हणून तिसरी चिप आणली. प्रत्येक वेळी नवा बोर्ड सोल्डर केल्यावर एक-दोन दिवस आवाज सुधारल्यासारखा वाटे आणि मग तीच गुणगुण पुन्हा ऐकू येई. शेवटी तिन्ही बोर्डांवरचा शांत भागातील आवाज आकड्यांत मोजला, तेव्हा तिघांमध्ये एका डीबीचाही फरक नव्हता. तीन वेगवेगळ्या चिपा एकसारखाच गोंगाट करत असतील, तर तो गोंगाट चिपांचा नसतो, हे तेव्हा लक्षात आले. घरगुती ध्वनी-प्रकल्पांत हाच प्रकार वारंवार घडतो, म्हणून निदानाचा क्रम आणि त्यानंतर चिप निवडण्याची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मोजमाप

एक नर आरसीए प्लग घ्यावा आणि त्याची मधली पिन बाहेरच्या कड्याला सोल्डर करून टाकावी. दहा-पंधरा रुपयांच्या या वस्तूने मला जेवढे शिकवले, तेवढे कोणत्याही डेटाशीटने शिकवले नाही. हा शॉर्ट केलेला प्लग बोर्डाच्या इनपुटला लावून २४ बिटांत अर्धा मिनिट मुद्रण करावे आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामात त्या तुकड्याची आरएमएस (एक प्रकारची सरासरी) पातळी पाहावी. पीसीएम१८०८ चे सिग्नल-नॉइज गुणोत्तर ९९ डीबी आहे, मात्र तो आकडा कानाच्या संवेदनशीलतेनुसार वजन दिलेला असल्याने साध्या मोजमापात दोन-चार डीबी कमी मिळणे स्वाभाविक आहे. आकडा (चिपच्या कमाल पातळीला शून्य धरून) उणे ९० डीबीच्या बराच खाली असेल, तर चिप, तिचा वीजपुरवठा आणि बोर्डाची मांडणी यांवर तूर्त संशय घेऊ नये.

त्यानंतर पायरी-पायरीने बाहेर जावे. बोर्डाला नेहमीची केबल लावावी आणि तिचे दुसरे टोक शॉर्ट करावे. मग केबल कॅसेट डेकला जोडावी, पण डेक बंद ठेवावा. शेवटी डेक चालू करून टेप थांबवलेल्या अवस्थेत मोजावे. चारही आकडे कागदावर लिहून काढावेत. माझ्याकडे ते अनुक्रमे उणे ९४, उणे ९३, उणे ६८ आणि उणे ६६ असे आले. तिसरा आकडा पुन्हा पाहावा: डेक बंद आहे, त्यात वीजही खेळत नाही, तरीही केवळ केबल जोडल्याने आवाज २५ डीबीने वाढला. येथे एडीसीचा प्रश्नच उरत नाही, हा सरळ ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांनी बंद झालेले मंडल.

माझ्या घरात तो लूप असा पूर्ण होत होता. डेक अॅम्प्लिफायरला जोडलेला होता आणि अॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग होता. रॅस्पबेरी पायला दोन पिनांचा अॅडॉप्टर असल्याने तो सुटा आहे असे मी धरून चाललो होतो, परंतु त्याला एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडलेला होता, आणि मॉनिटरलाही तीन पिनांचा प्लग होता. म्हणजे एका भिंतीवरच्या अर्थिंगपासून दुसऱ्या भिंतीवरच्या अर्थिंगपर्यंतचा रस्ता एचडीएमआयच्या जाळीतून, बोर्डाच्या ग्राउंडमधून आणि आरसीए केबलच्या कड्यातून तयार झाला होता. आरसीए केबलच्या कड्यावर पडणारा हा अत्यल्प व्होल्टेज फरक सिंगल-एंडेड एडीसी सिग्नलच समजते, कारण तिच्या दृष्टीने कडे म्हणजे शून्य. मुद्रण चालू असतानाच एचडीएमआय केबल उपटली आणि पडद्याऐवजी वाय-फायवरून पातळी पाहिली, तर ती उणे ८६ वर उतरली होती.

या ठिकाणी एक इशारा द्यावासा वाटतो. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण सहज देतात, तो कदापि मानू नये. ती पिन गुणगुणीसाठी नसून जिवासाठी असते. लूप तोडायचाच असेल तर सिग्नलच्या मार्गात एकास-एक गुणोत्तराचा लाइन ट्रान्सफॉर्मर घालावा किंवा एडीसी आणि संगणक यांच्यामधील डिजिटल रेषांवर आयसोलेटर चिप बसवावी. लॅपटॉप वापरत असल्यास तो बॅटरीवर चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

आवाजाचा वर्णपट पाहिला तर दोषाचे मूळ पुष्कळ वेळा वारंवारतेवरूनच कळते. केवळ ५० हर्ट्झचा गोलसर उंचवटा असेल, तर बहुधा जवळचा ट्रान्सफॉर्मर केबलमध्ये चुंबकीय क्षेत्राने शिरत आहे. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटी ठळक असतील, तर वीजपुरवठ्यातील रेक्टिफायरनंतरची लहर कारणीभूत असते. ५० च्या पटींची लांबच लांब कंगव्यासारखी रांग दिसली, की ग्राउंड लूप शोधावा. बरोबर १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झला अणकुचीदार रेघ असेल, तर ती यूएसबीची आहे, कारण यूएसबीची फ्रेम १ मिलिसेकंदाची आणि हाय-स्पीडची सूक्ष्म फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते. या चारांपैकी एकही गोष्ट चिप बदलून जात नाही.

टकटक: क्लॉकचा दोष

गुणगुणीचा बंदोबस्त झाल्यावर टकटक अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागली. पीसीएम१८०८ ला बिट क्लॉक (प्रत्येक बिटचा ठोका) आणि एलआर क्लॉक (डाव्या-उजव्या नमुन्यांचा ठोका) यांखेरीज चिपचे मूळ घड्याळ असलेला मास्टर क्लॉकही लागतो, आणि तो नमुना-दराच्या (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या) २५६, ३८४ किंवा ५१२ पट असावा लागतो. रॅस्पबेरी पायच्या ४० पिनांच्या जोडणीवर आय-टू-एसच्या (चिपांमध्ये डिजिटल ध्वनी नेणाऱ्या) रेषा मिळतात, परंतु त्यांच्यासोबत मास्टर क्लॉक येत नाही, तो वेगळ्या पिनवर मुद्दाम निर्माण करावा लागतो. म्हणून पुष्कळ जण, मीही त्यांतलाच, १२.२८८ मेगाहर्ट्झचा एक ऑसिलेटर आणून थेट चिपच्या मास्टर क्लॉकला जोडतात आणि उरलेले दोन क्लॉक पायकडून घेतात. कागदावर हिशेब बरोबर दिसतो, कारण ४८,००० गुणिले २५६ म्हणजे नेमके १२.२८८ मेगाहर्ट्झ.

चूक अशी आहे, की ही दोन घड्याळे एकमेकांना ओळखत नाहीत. दोन स्वतंत्र स्फटिकांमध्ये दहा लाखांत ५० इतका फरक असणे ही सामान्य बाब आहे, आणि १२.२८८ मेगाहर्ट्झवर तेवढा फरक म्हणजे सेकंदाला सुमारे ६१४ ठोके. एका फ्रेममध्ये २५६ ठोके धरले, तर दर सेकंदाला जवळपास अडीच फ्रेमांची तफावत पडते. चिप काही बिट क्लॉकपर्यंतची घसरण सहन करते, त्यापलीकडे ती काम थांबवते, बाहेर शून्य पाठवते आणि पुन्हा जुळवून घेते. हे शून्य म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टकटक. ऑडॅसिटीत ती जागा मोठी करून पाहिली, तेव्हा व्यवस्थित वळणाऱ्या लाटेत मध्येच काही नमुने सपाट शून्यावर बसलेले दिसले. टेपवरचा ओरखडा असा कधीच दिसत नाही, तो वेडावाकडा असतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे एडीसीलाच मास्टर करणे, म्हणजे क्लॉक तिच्याकडूनच घेणे. पीसीएम१८०८ वर एमडी० आणि एमडी१ या दोन पिना आहेत. त्या दोन्ही ग्राउंडला किंवा मोकळ्या असतील तर चिप स्लेव्ह असते (बाहेरचे क्लॉक पाळते), आणि दोन्ही ३.३ व्होल्टला बांधल्या तर ती २५६ पटीने मास्टर होते. मग ऑसिलेटर चिपला, आणि बिट क्लॉक व एलआर क्लॉक चिपकडून पायला, अशी एकच वंशावळ तयार होते. पायच्या बाजूलाही असा ओव्हरले (कोणते कार्ड जोडले आहे हे पायला सांगणारी सेटिंग) निवडावा लागतो, ज्यात कार्डाकडे घड्याळ असल्याचे सांगितलेले असते. अन्यथा दोघेही एकाच रेषेवर एकमेकांविरुद्ध क्लॉक हाकत बसतात. ४४.१ किलोहर्ट्झ हवे असतील तर ऑसिलेटर ११.२८९६ मेगाहर्ट्झचा घ्यावा. क्लॉकच्या तारा बोटभर लांबीच्या ठेवाव्यात आणि जिथून क्लॉक निघतो त्या टोकाशी ३३ ओहमचा रेझिस्टर टाकावा. ब्रेडबोर्डवर वीतभर लांब जंपर तारांनी १२ मेगाहर्ट्झ खेळवण्याचा हट्ट मी दोन आठवडे केला, तो करू नये.

मोठ्या आवाजात फाटणे

झांजांच्या गजरात आवाज फाटतो, पण बोलणे स्वच्छ येते, ही तक्रार दोन अगदी निराळ्या कारणांनी उद्भवते आणि कानाला दोन्ही सारखीच वाटतात.

पहिले कारण पातळीचे. पीसीएम१८०८ चे फुल स्केल (ती मोजू शकते ती कमाल पातळी) हे तिच्या अॅनालॉग पुरवठ्याच्या ०.६ पट असते, म्हणजे ५ व्होल्टवर टोकापासून टोकापर्यंत ३ व्होल्ट किंवा सुमारे १.०६ व्होल्ट आरएमएस. कॅसेट डेक साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट देतो, त्याला अडचण येत नाही. सीडी प्लेयर आणि आजकालचे बहुतेक डॅक (अंकांचा पुन्हा ध्वनी करणारी साधने) मात्र २ व्होल्ट देतात. त्यांच्यासाठी १० किलोओहम मालिकेत आणि १० किलोओहम ग्राउंडला असा साधा विभाजक पुरतो. चिपचा स्वतःचा इनपुट रोध ६० किलोओहम असल्यामुळे खालचा रेझिस्टर प्रत्यक्षात ८.६ किलोओहमसारखा वागतो आणि २ व्होल्टचे ०.९२ व्होल्ट होतात. रेझिस्टरमुळे गोंगाट वाढेल अशी भीती अनेकांना वाटते, तिच्यात तथ्य नाही: या विभाजकाचा औष्णिक गोंगाट फुल स्केलच्या खाली ११५ डीबीपेक्षाही दूर असतो.

दुसरे कारण फॉरमॅटचे. चिप लेफ्ट-जस्टिफाइड पद्धतीने डेटा पाठवत असेल आणि संगणक आय-टू-एस समजून वाचत असेल, तर प्रत्येक नमुन्यातील सर्वांत मोठा बिट हरवतो. परिणामी लहान आवाज दुप्पट मोठे पण निर्दोष येतात आणि अर्ध्या पातळीच्या वर गेलेली लाट एकदम उलट्या टोकाला फेकली जाते. दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखावा: क्लिपिंगमध्ये लाटेचा माथा विळ्याने छाटल्यासारखा सपाट होतो, फॉरमॅट चुकल्यास माथ्याचा तुकडा तुटून खालच्या टोकाला चिकटलेला दिसतो. पीसीएम१८०८ वर एफएमटी ही पिन ग्राउंडला असली की आय-टू-एस मिळतो. ती तपासायला अर्धा मिनिट लागतो.

शांततेत न दिसणारा दोष

शॉर्ट प्लगची चाचणी उत्तम निघाली, गुणगुण नाही, टकटक नाही, तरीही पेटीचा स्वर किंचित खरबरीत ऐकू येतो, अशी एक अवस्था येते. वर सांगितलेले ०.६ चे गुणोत्तर येथे पुन्हा आठवावे. फुल स्केल जर पुरवठ्याशी बांधलेले असेल, तर पुरवठ्यावरची प्रत्येक लहर ही मोजपट्टीच लांब-आखूड करत असते. मोजायला काही नसताना पट्टी हलली तरी वाचन शून्यच राहते. सिग्नल आला की मात्र त्या लहरी त्याच्यावर उमटतात. म्हणून १ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर देऊन वर्णपट पाहावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ९०० व १,१०० हर्ट्झवर लहान रेघा आहेत का ते तपासावे. असल्या, तर १०० हर्ट्झची लहर पुरवठ्यातून संदर्भ-व्होल्टेजमध्ये शिरली आहे.

चिपचे ५ व्होल्ट पायच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेतल्यास हे घडण्याची शक्यता दाट असते. वेगळा ९ व्होल्टचा पुरवठा आणि त्यावर लिनियर रेग्युलेटर हा योग्य मार्ग आहे. ते शक्य नसेल, तर १० ओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची गाळणी लावावी. चिप जेमतेम १० मिलिअँपिअर घेत असल्याने त्यात ०.१ व्होल्टच पडतात. व्हीरेफ (संदर्भ-व्होल्टेजच्या) पिनवरचे १० व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर चिपच्या अगदी कुशीत असावेत. सिग्नलच्या मार्गात मात्र लहान सिरॅमिक कपॅसिटर घालू नये, कारण व्होल्टेजनुसार त्याची क्षमता बदलते आणि ती विकृती थेट आवाजात उतरते. तेथे १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक किंवा १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर वापरावा. ६० किलोओहमवर १ मायक्रोफॅरडनेही खालची मर्यादा ३ हर्ट्झच्या आत राहते.

मग चिप कोणती घ्यावी

एवढे झाल्यानंतरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. पहिला गैरसमज बिटांचा. २४ बिटांची सैद्धांतिक मर्यादा १४६ डीबी असते, पण ९९ डीबीची चिप प्रत्यक्षात सुमारे १६.२ बिटांचीच माहिती देते, उरलेले बिट तिचा स्वतःचा गोंगाट मोजत असतात. बिटांच्या आकड्यावर भुलून एचएक्स७११ ध्वनीसाठी आणणारे लोक मी पाहिले आहेत. तीही २४ बिटांचीच आहे, फक्त ती तागडीसाठी आहे आणि सेकंदाला १० किंवा ८० नमुने घेते. एडीएस१११५ ही १६ बिटांची चिपही सेकंदाला ८६० नमुन्यांवर थांबते. ध्वनीसाठी डेल्टा-सिग्मा पद्धतीची, आय-टू-एस बाहेर देणारी चिपच पाहावी.

दुसरी गोष्ट, मूळ साधनाचा आवाका. कॅसेटचा सिग्नल आणि तिची सळसळ यांत डॉल्बीशिवाय (सळसळ घटवणाऱ्या पद्धतीशिवाय) ५० ते ५५ डीबीचे अंतर असते, चांगल्या एलपीत ६० ते ७०. ०.३ व्होल्ट देणारा डेक पीसीएम१८०८ च्या फुल स्केलच्या १०-११ डीबी खाली राहतो, म्हणजे मोठ्या आवाजांसाठी मोकळी जागा ठेवूनही चिपचा तळ टेपच्या सळसळीच्या तीस डीबी खाली असतो. येथे १२० डीबीची सीएस५३८१ लावल्यास ती सळसळ अधिक अचूकपणे मोजली जाईल, इतकेच.

साधने मिश्र असतील, म्हणजे कधी डेक, कधी सीडी, कधी फोनो प्रीअॅम्प, तर मी पीसीएम१८६३ सुचवीन. ती ११० डीबीची आहे, तिचे सिंगल-एंडेड फुल स्केल २.१ व्होल्ट आरएमएस असल्याने विभाजक लागत नाही, अनेक इनपुटांतून निवड आणि गेन तिच्या आतच आहे, आणि ती ३.३ व्होल्टवर चालते. आतल्या पीएलएलमुळे ती बिट क्लॉकपासून स्वतःचा मास्टर क्लॉक बनवू शकते, त्यामुळे वरची टकटकीची कटकटच उरत नाही. मोबदल्यात आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून चिपचे रजिस्टर (सेटिंगचे कप्पे) लिहावे लागतात. ज्यांना तो खटाटोप नको, त्यांच्यासाठी त्याच कुळातील पीसीएम१८६१ पिनांवरून चालते. आज पुन्हा सुरुवात करायची असती तर मी हीच घेतली असती.

११४ डीबीच्या पुढच्या चिपा, म्हणजे सीएस५३८१, १२१ डीबीची एके५५७२ किंवा १२४ डीबीची पीसीएम४२२२, यांचे खरे काम अॅम्प्लिफायरची विकृती मोजणे किंवा तानपुऱ्यासारखा हळू आवाज थेट माइकवरून घेणे, अशा ठिकाणी आहे. या चिपांचे इनपुट डिफरेन्शियल (दोन पायांमधील फरक मोजणारे) असतात आणि त्यांना पुढे ऑप-अॅम्पचा काळजीपूर्वक रचलेला ड्रायव्हर लागतो. माझ्या सीएस५३६१ च्या वेळी मी एक पाय सिग्नलला आणि दुसरा स्थिर व्होल्टेजला बांधून मोकळा झालो होतो. अशा जोडणीत अर्धी पातळी, म्हणजे ६ डीबी, तिथेच जातात आणि समान गोंगाट रद्द करण्याचा मूळ फायदाही मिळत नाही.

खरेदीबाबत थोडेसे. जपानमधील नोबेओका येथील एकेएम या चिप-कंपनीच्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागल्यानंतर एके मालिकेच्या चिपा दुर्मीळ आणि महाग झाल्या होत्या, आणि टंचाई आली की जुन्या चिपांवरचे नाव पुसून नवे छापण्याचा धंदाही तेजीत येतो. पुण्यात तपकीर गल्ली असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, सुट्या चिपा घेताना एकाच वेळी दोन घ्याव्यात, अधिकृत वितरकाकडून शक्य असल्यास उत्तमच. आल्या-आल्या शॉर्ट प्लगने दोन्हींचा आकडा काढावा आणि डेटाशीटमधल्या कमाल दरावर, पीसीएम१८०८ साठी ९६ किलोहर्ट्झवर, त्या चालतात का ते पाहावे. दहा डीबीने मागे पडणारी किंवा वरच्या दरावर अडखळणारी चिप बोर्डावर कायमची बसवण्याआधी परत करावी, कारण एकदा पायांना सोल्डर लागले की दुकानदार ती परत घेत नाही.